भाव पडायची वाट किती पाहायची?

फेब्रुवारी २०१५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या उपस्थितीत बीएमडब्ल्यूने आय-८ ही गाडी भारतात आणली, तेव्हा तिची शोरूम किंमत २ कोटी २९ लाख रुपये होती. वर उघडणारी दारे, कार्बन फायबरचा सांगाडा, मागे दीड लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि पुढच्या चाकांना विजेची मोटर. दोन्ही मिळून ३६२ अश्वशक्ती. उद्याची गाडी आजच घ्या, असा सगळा थाट होता. जून २०२० मध्ये लाइपझिगच्या कारखान्यात तिचे उत्पादन थांबले. तोवर जगभरात २० हजारांहून अधिक आय-८ विकल्या गेल्या होत्या आणि पहिल्या तुकडीतल्या गाड्यांचा भाव अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारात निम्म्याच्या खाली गेला होता. भारतातही घसरण त्याच दिशेने झाली. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात अशा गाडीवर डोळा ठेवून असलेले लोक थोडे आहेत, पण आहेत. भोसरीत टूल रूम चालवणारा उद्योजक आहे, मोठ्या कंपनीत वरच्या पदावर पोहोचलेला अभियंता आहे, जमिनीच्या मोबदल्यातून ट्रक आणि गाळे उभे केलेला म्हाळुंगे-निघोजेकडचा ठेकेदार आहे. (त्याला ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवणाऱ्यांनी स्वतःचे शेअर बाजारातले व्यवहार आधी तपासावेत.) नवी गाडी यांच्यातल्या बऱ्याच जणांना परवडत नाही किंवा पटत नाही. त्यामुळे त्यांचा प्रश्न एकच असतो: भाव अजून पडेल का, आणि पडणार असेल तर किती थांबायचे? माझ्या मते थांबण्याचा हिशेब ते चुकीच्या आकड्यावर करत आहेत. हायब्रिड स्पोर्ट्स कार घेण्याची वेळ तिच्या भावावरून ठरवू नये. बॅटरीची वॉरंटी आणि विम्याचे पूर्ण संरक्षण किती वर्षे उरले आहे, यावरून ती ठरवावी. हा हिशेब केला तर खरेदी चौथ्या-पाचव्या वर्षी येते आणि विक्री आठवे वर्ष लागण्याआधी. भाव तळाला जाईपर्यंत जो थांबतो, त्याच्या हाती गाडी नेमकी तिचा खर्चिक काळ सुरू होताना पडते.

गाडीचा भाव कसा उतरतो याचे दोन अधिकृत तक्ते आपल्याकडे आहेत. पहिला विम्याचा. गाडीचे विमामूल्य, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, ते सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के कमी धरले जाते. त्यापुढे ते विमा कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायचे. दुसरा तक्ता आयकराचा. व्यवसायासाठी घेतलेल्या मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. त्या हिशेबाने शंभराची गाडी पाच वर्षांनी वहीत साधारण ४४ रुपयांची उरते. म्हणजे एक तक्ता म्हणतो पन्नास, दुसरा म्हणतो चव्वेचाळीस. पोर्शे ९११ सारखी पेट्रोल स्पोर्ट्स कार बहुधा या दोन्ही आकड्यांच्या वर राहते आणि हायब्रिड खाली. दोन्ही तक्ते सगळ्या गाड्या सारख्याच म्हाताऱ्या होतात असे गृहीत धरतात, तिथेच ते फसतात. पेट्रोल गाडीचे वय मुख्यतः किलोमीटरमध्ये मोजता येते. हायब्रिडमध्ये इंजिनाचे वय किलोमीटरमध्ये आणि बॅटरीचे वय वर्षांत मोजावे लागते. लिथियम-आयन बॅटरी नुसती उभी असली तरी तिची क्षमता कमी होत जाते, उष्णतेत जास्त वेगाने, आणि पूर्ण चार्ज करून आठवडेच्या आठवडे उन्हात उभी ठेवली तर आणखी वेगाने.

जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळ्यांत मोठी शिफारस असते ती ‘फर्स्ट ओनर, कमी रनिंग’ ही. पेट्रोल गाडीला ती बरीचशी लागू पडते. दहा वर्षांत बारा हजार किलोमीटर चाललेली हायब्रिड स्पोर्ट्स कार मात्र जपलेली असेलच असे नाही. पुष्कळदा ती नुसती पडून राहिलेली असते. बीएमडब्ल्यूने आय-८च्या हायव्होल्टेज बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी दिली होती. शनिवार-रविवारी बाहेर निघणारी गाडी आठ वर्षांत लाख किलोमीटर कुठून गाठणार? तिची मुदत वर्षांवरच संपते. २०१५ सालच्या गाड्यांची वॉरंटी २०२३ मध्येच संपली. २०१९ सालच्या गाड्यांची २०२७ मध्ये संपेल. आज एखादी आय-८ डोळ्यांत भरेल इतकी स्वस्त दिसते, त्यात या तारखांचा वाटा मोठा असतो. विकणारा हे पक्के जाणतो. घेणारा मात्र दारांकडे बघत राहतो.

भोसरीतल्या कुठल्याही शॉपचा मालक जुनी सीएनसी मशीन घ्यायला गेला तर किंमत शेवटी विचारतो. कंट्रोल कोणाचा, कोणत्या सालचा, त्याची कार्डे अजून मिळतात का, सर्व्हिस इंजिनिअर पुण्यात आहे की बंगळूरहून येणार, हे आधी. मशीनचे कास्टिंग वीस वर्षे टिकते, पण इलेक्ट्रॉनिक्सचा एखादा भाग मिळेनासा झाला की उरते ते भंगार, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस गाडीच्या व्यवहारात ही शिस्त घराबाहेर चपलांजवळ सोडून येतो. उदाहरणापुरते आकडे घेऊ. चार वर्षांची हायब्रिड स्पोर्ट्स कार एकाने एक कोटीला घेतली आणि सातव्या वर्षी सत्तर लाखांना विकली. वर्षाला दहा लाख उतरले. दुसऱ्याने तशीच गाडी आठव्या वर्षी साठ लाखांना घेतली आणि तीन वर्षांनी पंचेचाळीसला विकली. वर्षाला पाच लाख उतरले. शिवाय पहिल्याचे चाळीस लाख जास्त अडकले, त्यावरचे सात टक्के व्याज तीन वर्षांत आठ-साडेआठ लाख होते. एकूण दुसरा तेवीस लाखांनी फायद्यात दिसतो आणि ‘थांबला तो जिंकला’ असे म्हणणाऱ्यांचा सगळा युक्तिवाद या तेवीस लाखांवर उभा आहे. पण हा फायदा गाडी तीन वर्षे विनातक्रार चालली तरच हाती लागतो. बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जिंगची इलेक्ट्रॉनिक्स किंवा मोटर, यांतल्या एकाने जरी दगा दिला तरी नुसता दुरुस्तीचा खर्च येऊन भागत नाही. बंद पडलेली पेट्रोल स्पोर्ट्स कार एखादा हुशार मेकॅनिक घेतो, इंजिन उतरवतो, भाग शोधतो, उभी करतो. बंद पडलेल्या हायब्रिडला उघड्यावरच्या गॅरेजमध्ये कोणी हात लावत नाही, कारण तिच्या वायरिंगमध्ये जीव घेईल इतका दाब असतो आणि तिचे सॉफ्टवेअर कंपनीच्या संगणकाशिवाय बोलत नाही. त्या दिवशी पंचेचाळीस लाखांची गाडी सुट्या भागांच्या भावावर येते. पहिल्याचा तोटा ठरलेला आहे. दुसऱ्याच्या तोट्याला तळच नाही. तेवीस लाख ही या फरकाची किंमत आहे, आणि ती ज्याला जड वाटते त्याने ही गाडी कोणत्याच वर्षी घेऊ नये.

विम्याची गोष्ट यालाच जोडून येते. अपघातानंतर दावा करताना प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांवर विमा कंपनी ५० टक्के घसारा कापते, फायबर ग्लासवर ३० टक्के. ही कपात टाळणारे ‘झिरो डेप’ संरक्षण बहुतेक कंपन्या गाडी पाच वर्षांची होईपर्यंत देतात. काही सातपर्यंत देतात, तेही जास्त हप्ता घेऊन. म्हणजे भाव उतरण्याचा वेग मंदावतो त्याच सुमाराला संरक्षणही पातळ होते. कार्बन फायबरचा सांगाडा असलेल्या गाडीत याचा अर्थ फार गंभीर आहे, कारण पत्रा ठोकून सरळ करणारा डेंटर तिथे उपयोगाचा नाही. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे टायर. आय-८चे पुढचे टायर १९५/५० आर २० या मापाचे होते: वीस इंची चाक आणि हॅचबॅकला शोभेल अशी रुंदी. विजेची बचत व्हावी म्हणून केलेली ही रचना हुशारीची होती, पण हे माप इतर गाड्यांत जवळपास सापडत नाही. उत्पादन बंद झालेल्या गाडीचे असे जगावेगळे माप पुढची दहा वर्षे कोण बनवत राहील, हा प्रश्न सौदा करताना कोणी विचारत नाही.

इथे या पट्ट्यातला हमखास आक्षेप येतो. अहो, मर्सिडीजचा कारखाना चाकणला, फोक्सवॅगन-स्कोडाचा चाकणला, फोर्स मोटर्स चाकणला मर्सिडीजची इंजिने जुळवते. आपल्याला भाग आणि कारागीर कमी का पडतील? शेजार खरा आहे, निष्कर्ष खरा नाही. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ मध्ये स्थापन झाली, सुरुवातीला तिच्या गाड्या पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळल्या आणि २००९ पासून चाकणचा स्वतंत्र कारखाना सुरू झाला. विजेवर चालणारी ईक्यूएस ५८० सुद्धा २०२२ मध्ये याच कारखान्यात जुळली. पण कंपनीच्या हायब्रिड स्पोर्ट्स गाड्या इथे जुळत नाहीत. एएमजी जीटी ६३ एस ई परफॉर्मन्स एप्रिल २०२३ मध्ये ३ कोटी ३० लाखांना आली आणि एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्स नोव्हेंबर २०२४ मध्ये १ कोटी ९५ लाखांना. दोन्ही पूर्ण तयार होऊन जर्मनीहून येतात. बीएमडब्ल्यूचा कारखाना तर चेन्नईजवळ आहे आणि आय-८ तिथेही कधी जुळली नाही. सी ६३ मधली बॅटरी ६.१ किलोवॅट-अवरची, वजन ८९ किलो; तिच्यात ५६० सेल आहेत आणि प्रत्येक सेलभोवती वीज वाहून न नेणारा द्रव फिरवून ती थंड ठेवली जाते. फॉर्म्युला वनच्या तंत्राशी नाते सांगणारी ही रचना अप्रतिम आहे. पण ती उघडून एक सेल बदलणारा माणूस कुरुळी फाट्यावर मिळणार नाही, आणि कारखान्याच्या भिंतीआडही तो नसतो, कारण जुळणी आणि दुरुस्ती ही दोन वेगळी कामे आहेत. पुण्यात हायब्रिड तंत्राचे ज्ञान नाही असे मुळीच नाही. केपीआयटी कमिन्सने २०१० मध्येच चालू गाड्यांना हायब्रिड करणारा ‘रिवोलो’ संच मांडला होता, भारत फोर्ज त्यात भागीदार होती. तो संच बाजारात रुजला नाही. ज्ञान असणे आणि विशिष्ट गाडीसाठी प्रशिक्षित हात, अवजारे नि सुटे भाग तयार असणे यांत जे अंतर आहे, ते मोजायचे तर अधिकृत वर्कशॉपमध्ये जाऊन एकच प्रश्न विचारावा: या मॉडेलची हायव्होल्टेज बॅटरी तुम्ही इथे उघडता की गाडी दुसऱ्या शहरात पाठवता?

करांचा हिशेब थोडा किचकट आहे, पण तो माझ्या बाजूने झुकतो. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या हायब्रिड गाडीवर जीएसटी आणि अधिभार मिळून ४३ टक्के कर होता. तेवढ्याच मोठ्या पेट्रोल गाडीवर ४८ आणि एसयूव्हीवर ५०. त्या दिवसापासून अधिभार गेला आणि सगळ्यांवर सरसकट ४० टक्के आले. विजेच्या गाडीवरचे ५ टक्के तसेच राहिले. हायब्रिडचा कर तीन टक्क्यांनी उतरला म्हणून आनंद झालेल्यांनी दुसरी बाजू पाहायला हवी: पेट्रोलच्या तुलनेत हायब्रिडला जी सवलत होती ती संपली. नवी पेट्रोल गाडी जास्त स्वस्त झाली आणि जुन्या हायब्रिडचा गिऱ्हाईक तिच्याकडे वळू शकतो. म्हणजे नव्या हायब्रिडच्या पहिल्या मालकाला बसणारा फटका वाढला आणि चौथ्या वर्षी घेणाऱ्याचा सौदा सुधारला. वाहनकराचेही तसेच. महाराष्ट्रात आयात गाडीवर २० टक्के एकरकमी कर लागतो, त्याची कमाल मर्यादा २० लाख होती, ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. सी ६३ सारखी गाडी नवी घेतली तर ही मर्यादा सहज गाठली जाते. महाराष्ट्रातच पासिंग झालेली गाडी दुसऱ्या मालकाकडे येते तेव्हा हा कर पुन्हा लागत नाही. पहिल्याने भरलेले तीस लाख बाजारभावात कुठे दिसतही नाहीत. उलट पुदुच्चेरी किंवा दिल्लीचा नंबर असलेली गाडी स्वस्त म्हणून आणली, तर एनओसी घेऊन मोशीच्या आरटीओत ती एमएच-१४ करताना वयानुसार कर भरावा लागतो, आणि ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ तिथल्या खिडकीवर कळतो. जुन्या गाडीवर जीएसटी १८ टक्के लागतो, असे एजंट सांगतात तेही अर्धेच. तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यापुरता आहे, पूर्ण किमतीवर नाही, आणि एका व्यक्तीने दुसरीला थेट विकलेल्या गाडीवर तो नाही.

मग आयात शुल्क उतरेपर्यंत थांबावे का? आज परदेशातून तयार आलेल्या महागड्या गाडीवर प्रभावी शुल्क ११० टक्के आहे. ब्रिटनशी व्यापार करार २४ जुलै २०२५ रोजी झाला. युरोपीय संघाशी वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा २७ जानेवारी २०२६ रोजी झाली. दोन्हींत मोटारींवरचे शुल्क टप्प्याटप्प्याने, ठरलेल्या कोट्यापुरते, १० टक्क्यांपर्यंत आणण्याची तरतूद आहे आणि विजेच्या गाड्यांना सुरुवातीची वर्षे त्यातून बाहेर ठेवले आहे. हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. नवी पेट्रोल स्पोर्ट्स कार खरोखर स्वस्त झाली तर जुन्या हायब्रिडचा भाव तिच्यामागे आणखी घसरेल, आणि चौथ्या वर्षी घेतलेल्या माणसालाही तो फटका बसेल. पण टप्पे आणि कोटे यांचा लाभ ग्राहकापर्यंत कधी आणि किती पोहोचेल हे कंपन्या ठरवतील, आणि शुल्क उतरले म्हणून शोरूमची किंमत त्याच प्रमाणात उतरते असा अनुभव नाही. या अनिश्चिततेवरचा उपाय लांब थांबण्यात नाही, कमी काळ जवळ ठेवण्यात आहे. सौदा करताना घासाघीस जरा जास्त करावी आणि तीन वर्षांपलीकडे गाडी धरून ठेवू नये.

गाडी कोणत्या सालची घ्यावी यावर पेट्रोलनेही आता मत द्यायला सुरुवात केली आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल २०२३ मध्ये सुरू झाले आणि २०२५ पर्यंत देशभर तेच नेहमीचे पेट्रोल बनले. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांच्या नळ्या, सील, पंप ई-२० ला चालतील असे असणे अपेक्षित आहे. २०१५ सालच्या गाडीची आखणी त्यासाठी नव्हती. उसाच्या राजकारणात न शिरता एवढे म्हणता येते की हायब्रिडला हा त्रास दुप्पट आहे. रोजचे वीसेक किलोमीटर विजेवर गेले तर टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच राहते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात, मावळच्या बाजूला, ही ओल काही कमी नसते. आठ-दहा वर्षांची हायब्रिड स्वस्तात घेऊन ती ‘जपून’ ठेवण्याचा बेत असेल तर जपण्यानेच तिचे नुकसान होण्याची शक्यता आहे.

कंपनीच्या नावावर घेतली की सरकार निम्मे पैसे देते, हा समज या पट्ट्यात फार पक्का आहे. दोन कोटींच्या गाडीत सुमारे ५७ लाख जीएसटी असतो आणि तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर, टॅक्सी किंवा ड्रायव्हिंग स्कूलसारखे अपवाद सोडले तर, त्याचे क्रेडिट मिळत नाही. घसारा पहिल्या वर्षी ३० लाख, म्हणजे २५ टक्क्यांच्या दराने साडेसात लाखांचा कर वाचतो. गाडी सप्टेंबरअखेरीनंतर घेऊन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्याचेही निम्मे. त्याच वर्षात बाजारभाव मात्र घसाऱ्याच्या पुढे धावतो. घसारा जुन्या गाडीवरही मिळतो, त्यामुळे ही सवलत नवी घेण्याचे कारण ठरत नाही. मार्चअखेरीला सीए ‘काहीतरी खरेदी दाखवा’ म्हणतो तेव्हा घाईत बुक केलेली गाडी आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेली गाडी, दोन्ही विकायला काढल्यावर एकाच भावाने जातात.

दुर्मीळ गाडी म्हणून पुढे भाव चढेल, ही आशाही आय-८च्या वाट्याला आली आहे. बीएमडब्ल्यूचीच एम-१ आज संग्राहकांच्या जगात सोन्याच्या भावाने जाते, पण ती पाचशेसुद्धा बनली नव्हती. वीस हजार हा दुर्मिळाईचा आकडा नव्हे. शिवाय एम-१ चे इंजिन आजही कोणी उघडून दुरुस्त करू शकतो. दहा-पंधरा वर्षांनी आय-८ साठी बॅटरी कोण देईल, याचे उत्तर मिळाल्याखेरीज तिला वारसा म्हणून ठेवणे हा जुगार आहे. काही जणांना तो परवडतो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. रस्त्याचा आक्षेप तर वेगळा मांडायचीही गरज नाही: जमिनीपासून साडेचार इंचांच्या आसपास उंची असलेली गाडी चाकणच्या तळेगाव चौकातून रोज नेणाऱ्याला तो कोणी सांगावा लागत नाही. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला, ७,८२७ कोटींच्या, ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. तो पूर्ण होण्याच्या तारखेवर गाडीची खरेदी बेतू नये एवढेच.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात केव्हाचा असणार: ज्या पट्ट्यात कंत्राटी कामगार महिन्याच्या पगारात भाडे आणि मेस भागवतो, तिथे कोटीच्या गाडीचा हिशेब वर्तमानपत्राने का मांडावा? कारण हाच हिशेब आता वीस लाखांच्या गाडीलाही लागू झाला आहे. होंडा सिटीची हायब्रिड मे २०२२ मध्ये १९ लाख ४९ हजारांना आली. टोयोटाची हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस, मारुतीची ग्रँड व्हिटारा त्याच वर्षी आल्या. होंडा आणि टोयोटा बॅटरीला आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी देतात. या गाड्या आता पहिल्या मालकांकडून सुटू लागल्या आहेत आणि पिंपळे सौदागरपासून मोशीपर्यंत अनेक घरांत त्या दुसऱ्या हाताने येतील. या गाड्यांचे तंत्र साधे आहे, सर्व्हिस जाळे दाट आहे, त्यामुळे जोखीम बरीच कमी. तरी २०२२ सालची गाडी २०२७ मध्ये घेणाऱ्याला बॅटरीची तीन वर्षे मिळतील आणि २०३० मध्ये घेणाऱ्याला शून्य, हा फरक दोन्ही वेळच्या भावांत नीट उमटेल याची खात्री कोण देणार? विक्रेत्याने बॅटरीची उरलेली क्षमता लिहून दिली पाहिजे असा नियम नाही. पीयूसी नसेल तर दंड होतो, ओडोमीटर फिरवला तर भांडण होते, पण बॅटरी किती उरली हे विचारायला कागदच नाही. वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यात आहे, चाकणलाही तिचे काम चालते. जुन्या हायब्रिड आणि विजेच्या गाडीच्या हस्तांतरणाला बॅटरीचा चाचणी अहवाल सक्तीचा करायचा, तर मानके ठरवायला तिच्याइतकी योग्य जागा नाही. असा नियम परिवहन खात्याने आणेपर्यंत गिऱ्हाईकाने बयाणा देण्याआधी अधिकृत वर्कशॉपचा बॅटरी अहवाल स्वतःच्या खर्चाने मागावा, वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर जाते का हे लेखी घ्यावे, आणि विक्रेता यातल्या एकालाही टाळू लागला तर उठून यावे.